सड्यावरचं पाणी (लेखांक ५) : आराखडा एप्रिलचा, काम कार्तिकातलं

गेल्या लेखांकात जांभ्याची जात पाहिली. वर सच्छिद्र दगड, खाली चिकणमातीचा थर, त्याखाली काळा पाषाण. सड्यावर पडलेलं पाणी भराभर झिरपतं, चिकणमातीवर अडतं आणि उताराच्या कडेला झऱ्यावाटे बाहेर येऊन पऱ्याला लागतं. एवढं ध्यानात ठेवून आज लोट्याला येऊ.

खेड आणि चिपळूणच्या मधलं हे महामार्गावरचं गाव. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. तरी मार्च सरता सरता सड्यालगतच्या विहिरी तळ दाखवू लागतात आणि तालुक्यातल्या डोंगरावरच्या धनगरवाड्या टँकरची वाट पाहतात. मराठवाड्यातल्या पाहुण्याला हे सांगून पटत नाही.

खाली वाशिष्ठी मात्र भर उन्हाळ्यात वाहते, ती कोयनेच्या अवजलावर. कृष्णा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला मुभा दिलेलं पाणी ६७.५ टीएमसी. जनित्रं फिरवून ते वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळच्या खाडीला मिळतं. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीची तहान याच नदीवर भागते. वाड्यांचंही तसंच करा, असं म्हणणं सोपं आहे. पण पाणी उपसून सड्यावर चढवायचं म्हणजे विजेचं बिल आलं, आणि ते थकलं की नळ कोरडा.

मग उरतो टंचाई कृती आराखडा. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे. विंधन विहिरींची दुरुस्ती, विहिरींतला गाळ काढणं, खासगी विहीर अधिग्रहित करणं, तात्पुरती पूरक नळयोजना, टँकर ही त्यातली नेहमीची कामं. यात वाईट काही नाही. पण बहुतेक जोर शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे पाणी गेल्यावर. माझ्या मते कोकणातला आराखडा पऱ्याच्या वेळापत्रकावर बसवायला हवा.

वनराई बंधाऱ्याचंच घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यांत वाळू-माती, तोंडं शिवलेली. विटा रचतात तशा सांधे चुकवून थरावर थर, आणि फटींत चिकणमाती चोपलेली. खर्च जवळजवळ नाहीच, श्रमदान हवं. पण मुहूर्त साधावा लागतो. परतीचा पाऊस जायच्या आधी बांधला तर एका लोंढ्यात वाहून जातो; डिसेंबर उजाडला तर अडवायला धार उरत नाही. कार्तिकातले ते मोजके आठवडेच खरे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या विहिरींची पातळी त्याने टिकते, मात्र मेपर्यंत टिकेल असं कुणी समजू नये.

मेसाठी छप्पर. पन्नास चौरस मीटर कौलारू छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे दीड लाख लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने पाच माणसांना शंभर दिवस लागतात साडेसत्तावीस हजार. सगळं छप्पर नको, पाचवा हिस्सा पुरे. अडचण आहे ती टाकीची : तीन मीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच खोल. एकट्या घराला ती झेपत नाही. चार घरांत एक म्हटली तर शंभर दिवसांचं पाणी पंचवीस दिवसांवर येतं, पण टँकरच्या दोन फेऱ्यांमधला काळ तरी निभतो.

जमिनीतच का मुरवू नये, हा प्रश्न रास्त आहे. एरवी मीही तेच सुचवलं असतं. पण लोटे ही रासायनिक कारखान्यांची वसाहत. इथल्या प्रदूषणाची दखल माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीनेही २०११ च्या अहवालात घेतली आहे. जांभा जसं पावसाचं पाणी आत घेतो तसंच सांडपाणीही घेतो. म्हणून वसाहतीच्या उताराला असलेल्या वाड्यांत आधी विहिरीच्या पाण्याची रासायनिक तपासणी, तीही पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा. पुनर्भरणाचा विचार त्यानंतर. तोवर झाकलेली टाकी बरी, आणि पहिल्या सरींचं पाणी, धूळ-काजळीसकट, बाहेर सोडून द्यायचं.

पऱ्यांवरच्या जागा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठरवाव्यात. २ ऑक्टोबरच्या सभेपर्यंत गोण्या गोळा झालेल्या असाव्यात आणि कुठली वाडी कुठल्या रविवारी येणार, ते फळ्यावर लिहिलेलं असावं.

(पुढच्या आठवड्यात : सोडून दिलेल्या चिरेखाणींतलं पाणी कुणाचं?)