उंचीचे औषध : उपचार की वर्धन?

शाळेत प्रार्थनेसाठी मुले उंचीप्रमाणे उभी राहिली की रांगेत सर्वांत पुढे कोणीतरी एक असतोच. वर्गातली मुले त्याला 'टिंगू' म्हणतात आणि त्याचे पालक शिक्षकांना हळूच विचारतात, "याची उंची वाढायला काही औषध आहे का हो?" जाहिरातींतल्या पावडरी आपण बाजूला ठेवू. पण उंची वाढवणारे एक खरे औषध वैद्यकशास्त्राकडे आहे. आजाऱ्याला बरे करणारे तंत्र निरोगी माणसाच्या क्षमता वाढवण्यासाठी वापरावे का, हा आज जीववैद्यकापुढचा मोठा प्रश्न आहे. तो समजून घेण्यासाठी या औषधाची हकीकत फार उपयोगी पडते.

आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातून वृद्धिसंप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, स्रवते. हे १९१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. त्याच्या प्रभावाने यकृतात आणि इतर ऊतींत वाढीला चालना देणारा आणखी एक पदार्थ तयार होतो. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे पट्टे असतात. या दोहोंमुळे तेथील पेशी वाढतात आणि हाड लांब होते. वयात येण्याचा काळ संपत आला की या पट्ट्यांचे हाड बनते. त्यानंतर हे संप्रेरक कितीही टोचले तरी उंची वाढत नाही. म्हणजे उपचार करायचा तर तो बालपणीच करावा लागतो.

काही मुलांच्या शरीरात हे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही. गाईचे किंवा डुकराचे इन्सुलिन माणसाला चालत असे. वृद्धिसंप्रेरकाचे तसे नाही, ते माणसाचेच लागते. मृत व्यक्तींच्या पीयूषिकेतून काढलेल्या संप्रेरकाने एका ठेंगण्या मुलाची उंची वाढल्याचे मॉरिस रॅबेन या अमेरिकी वैद्यांनी १९५८ साली जाहीर केले. पुढची पंचवीस वर्षे औषध मिळवण्याचा हाच मार्ग होता. साठा तुटपुंजा असल्याने ज्यांच्यात संप्रेरकाची खरोखरच उणीव आहे, त्यांनाच ते दिले जाई.

१९८५ साली दोन गोष्टी घडल्या. असे उपचार घेतलेल्या काही तरुणांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा प्राणघातक रोग झाल्याचे उघड झाले आणि अमेरिकेत हे औषध बंद झाले. त्याच वर्षी मानवी जनुक जीवाणूत घालून बनवलेल्या संप्रेरकाला तेथे मान्यता मिळाली. आता हवे तेवढे संप्रेरक कारखान्यात तयार होऊ लागले. तोपर्यंत औषध कोणाला द्यायचे हे टंचाईच ठरवत होती. टंचाई संपली आणि हा निर्णय आपल्यावर येऊन पडला.

आता सातवीतल्या दोन मुलांची कल्पना करू. दोघांचीही उंची सारखीच कमी आहे. एकाच्या पीयूषिकेत दोष आहे. दुसरा पूर्ण निरोगी आहे. त्याचे आईवडील ठेंगणे, म्हणून तोही ठेंगणा. पहिल्याला औषध दिले तर तो उपचार, दुसऱ्याला दिले तर ते वर्धन, असे आपण चटकन म्हणतो. पण चिडवणारी मुले रक्ततपासणीचा अहवाल वाचत नाहीत. दोघांचे दुःख सारखेच असेल, तर एकाला औषध का द्यायचे आणि दुसऱ्याला का नाही?

२००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दुसऱ्या मुलासारख्यांनाही हे औषध देण्यास मान्यता दिली. अट अशी, की मुलाची उंची त्याच्या वयाच्या सरासरीपेक्षा २.२५ प्रमाण विचलनांहून अधिक कमी असावी. हजार मुलांत अशी सुमारे बारा मुले असतात. वर्षानुवर्षे इंजेक्शने घेतल्यावर त्यांची उंची सरासरीने साधारण ४ ते ७ सेंटिमीटर वाढते. एक इंच वाढीसाठी सुमारे ५२ हजार डॉलर खर्च येतो, असा हिशेब तेथील एका अभ्यासात २००६ साली मांडला गेला.

ही 'बारा मुले' नीट पाहिली पाहिजेत. त्या सर्वांना औषध देऊन पुढे सरकवले, तरी रांगेत कोणीतरी सर्वांत ठेंगणे राहणारच. नवा तक्ता काढला की नवी बारा मुले सापडतील. शिवाय तक्ता कोणाचा, हाही प्रश्न आहे. अमेरिकेतील ही मर्यादा प्रौढ वयातील मापात सांगायची तर पुरुषांसाठी सुमारे १६० आणि स्त्रियांसाठी सुमारे १५० सेंटिमीटर येते. भारतीय स्त्रियांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे! तिकडे जी 'फारच ठेंगणी' ठरेल, ती इकडे चारचौघींसारखी असते. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मुलांसाठी वेगळे वाढीचे तक्ते केले आहेत. ५ ते १८ वयोगटाचे सुधारित तक्ते २०१५ साली प्रसिद्ध झाले.

'हे निसर्गाविरुद्ध आहे' एवढे म्हणून मात्र हा प्रश्न सुटत नाही. देवीची लस निसर्गाने दिली नव्हती आणि चष्माही दिला नव्हता. लस निरोगी शरीराला अधिक समर्थ करते, म्हणजे एका अर्थाने तेही वर्धनच. फरक दुसरीकडे आहे. लस सर्वांना टोचली तर सर्वांचा फायदा होतो, आणि लस न घेतलेल्या तान्ह्या बाळालाही संरक्षण मिळते. सर्वांची उंची पाच सेंटिमीटरने वाढली तर कोणाचाच फायदा होत नाही. फक्त दारांच्या चौकटी उंच कराव्या लागतील. एखादे वर्धन योग्य की अयोग्य हे ठरवताना आपण प्रथम हेच विचारावे, की ते सर्वांना मिळाले तर त्याचा लाभ शिल्लक राहतो का? राहत नसेल, तर तो लाभ फक्त दुसऱ्याला मागे टाकण्याचा आहे आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्यालाच तो मिळणार आहे.

दुसरा प्रश्न, धोका कोण पत्करतो? डोकेदुखी, सांधेदुखी, रक्तातील साखरेत वाढ असे परिणाम काही मुलांत दिसतात, म्हणून सतत देखरेख लागते. उणीव असलेल्या मुलाच्या बाबतीत लाभाचे पारडे उघडच जड असते. निरोगी मुलाला मात्र काही सेंटिमीटरांसाठी, आईवडिलांच्या निर्णयाने, अनेक वर्षे सुया टोचून घ्याव्या लागतात. उंची वाढल्याने अशा मुलाचे मानसिक स्वास्थ्य सुधारते, याचा खात्रीचा पुरावाही अभ्यासांतून मिळालेला नाही. वर्गातल्या चिडवण्यावर औषध शोधायचे, तर ते चिडवल्या जाणाऱ्या मुलाच्या दंडात का टोचायचे?

आपल्या शाळांपुढे तर याहून मोठी गोष्ट आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. यामागे मुख्यतः अपुरा आहार, वारंवार होणारे आजार आणि मातेचे कुपोषण आहे. येथे उंची हा चढाओढीचा विषय नाही. खुंटलेल्या उंचीबरोबर शिकण्याची क्षमता आणि आरोग्यही खुंटते. सकस आहार आणि शुद्ध पाणी सर्वांना मिळाले तर सर्वांचाच लाभ होतो. आपल्या कसोटीला ते पूर्ण उतरते.

शिक्षकांना एक करता येईल. वर्गातल्या मुलांच्या उंचीची मोजमापे जुलैत आणि मार्चमध्ये घ्यावीत, पण कोणाचीही उंची वर्गात मोठ्याने वाचू नये. एखाद्या मुलाची वाढ थांबल्यासारखी वाटली तर पालकांना डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे. कदाचित संप्रेरकाची उणीव असेल, कदाचित थायरॉइडची. वेळेवर कळले तर उपचार होतो. आणि मूल ठेंगणे असूनही दरवर्षी नेमाने वाढत असेल, तर त्याच्या पालकांना सांगावे, "याला औषधाची गरज नाही." आणि त्याला चिडवले जाणार नाही, एवढे मात्र आपण पाहावे.