पाण्यात राखलेले र्‍होडियम

आजोळच्या देवघरातला नंदादीप काचेच्या पेल्यात तेवत असे. खाली पाणी, वर तेल. पेला हलला की दोहोंमधली रेघ विस्कटे आणि थोड्या वेळाने आपणहून पूर्ववत होई. जर्मनीतील ओबरहाउझेनच्या रूरखेमी कारखान्यात १९८४ साली सुरू झालेली एक रासायनिक प्रक्रिया याच निसर्गधर्मावर उभी आहे.

तेथेच १९३८ साली ऑटो रोएलेन यांना आढळले, की कोबाल्टच्या सान्निध्यात ओलेफिन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचा संयोग होऊन अल्डिहाइड तयार होते. पुढे कोबाल्टच्या जागी र्‍होडियम आले आणि विक्रिया सौम्य दाबाखाली होऊ लागली. परंतु हा धातू प्लॅटिनमच्या खाणींतून, मुख्यत्वे दक्षिण आफ्रिकेत, अत्यल्प प्रमाणात हाती येणारा. उत्प्रेरक खर्ची पडत नाही, हे पाठ्यपुस्तकातील वचन खरे असले, तरी मालात विरघळून तो मालाबरोबरच बाहेर पडू लागला, की जमाखर्चाच्या वहीत त्या वचनाला किंमत उरत नाही. आणि ऊर्ध्वपातनाने माल वेगळा काढावा, तर मागे साचणाऱ्या जड अवशेषांत आणि उष्णतेत उत्प्रेरकच निकामी होत जातो.

याचा बंदोबस्त केला रोन-पूलँक या फ्रेंच कंपनीच्या एमिल कुंत्झ यांनी. र्‍होडियमला धरून ठेवणाऱ्या ट्रायफिनाइलफॉस्फिनच्या तीन वलयांना त्यांनी प्रत्येकी एक सल्फोनेट गट जोडला, आणि मुळात पाण्याला न जुमानणारा तो रेणू लिटरभर पाण्यात किलोभर विरघळू लागला. आता सुमारे १२० अंश उष्णतेत आणि ५० वातावरणांच्या दाबाखाली, उत्प्रेरक धारण केलेल्या पाण्यात प्रोपिलीन व वायू घुसळले जातात. ते मिश्रण निवळण्याच्या पात्रात आले, की ब्युटिराल्डिहाइड वर तरंगते, ते काढून घेतात, आणि खालचे पाणी र्‍होडियमसह माघारी कामावर रुजू होते. मालाबरोबर जाणारा धातू अब्जांशांत मोजावा इतका थोडा. विक्रियेची उष्णताही वाया न जाता पुढील ऊर्ध्वपातनाला लागते.

मात्र ज्याच्या ठायी अलगपणाचा गुण, त्याच्याच ठायी मर्यादा. ऑक्टीनसारखी लांब साखळीची ओलेफिने पाण्यात जवळजवळ शिरतच नाहीत, म्हणून विक्रिया मंदावते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रघुनाथ चौधरी व त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की तैल थरात साधे ट्रायफिनाइलफॉस्फिन मिसळले असता ते पाण्यातील र्‍होडियमला सीमेपर्यंत ओढून आणते आणि विक्रियेचा वेग कित्येक पटींनी वाढतो.

काटकसर ही केवळ तिजोरीची नव्हे, पृथ्वीच्या उदराचीही असते. जे परत येऊ शकते, त्याला परतीची वाट आरंभीच आखून द्यावी, हा हरित रसायनाचा धर्म मला त्या पेल्यातील रेघेत दिसतो: तीच भिंत आणि तोच उंबरठा.