स्पोर्ट्स कारचें तेल कोठें बदलावें ?

मोटारीच्या इंजिनांतील तेल बदलणें हें काम दिसावयास अगदीं सोपें आहे. तळचा प्लग उघडावा, काळें झालेलें तेल वाहून जाऊं द्यावें, फिल्टर बदलावा आणि नवें तेल ओतावें. अर्ध्या तासांत सारें आटोपतें. साध्या कौटुंबिक गाडीपुरतें हें बऱ्याच अंशीं खरेंही आहे. परंतु स्पोर्ट्स कारच्या बाबतींत याच अर्ध्या तासांतील एखादी लहानशी चूक लाखों रुपयांचें इंजिन निकामी करूं शकते. म्हणून तेल कोणतें घ्यावें या प्रश्नाइतकाच, तें कोणाच्या हातून बदलून घ्यावें हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं तेल इंजिनांत काय करतें हें ध्यानांत घेतलें पाहिजे. त्याचें पहिलें काम वंगणाचें. फिरणारा दांडा आणि त्याला आधार देणारें बेअरिंग यांचा परस्परांस स्पर्श होऊं नये म्हणून त्यांच्यामध्यें तेलाचा एक अतिशय पातळ पडदा राहावा लागतो. शिवाय उष्णता वाहून नेणें, आणि काजळी व धातूचे सूक्ष्म कण पोटांत घेऊन ते फिल्टरपर्यंत पोहोंचविणें हींही तेलाचींच कामें. स्पोर्ट्स कारचें इंजिन मिनिटास ७००० हून अधिक फेरे घेऊं शकतें, आणि गाडी वळणावर वेगानें घातली म्हणजे ताटांतलें पाणी जसें एका कांठाशीं धांवतें, तसें इंजिनाच्या तळचें तेल एका बाजूस सरकतें. तेवढ्यांत पंपाच्या तोंडाशीं तेलाऐवजीं हवा आली, तर तो पडदा क्षणांत फाटतो व बेअरिंगला इजा होते.

ही आपत्ति टाळण्यासाठीं कित्येक स्पोर्ट्स गाड्यांत तेल इंजिनाच्या तळाशीं न सांठवितां निराळ्या टाकींत ठेवतात. एक पंप तळाशीं उतरलेलें तेल उपसून टाकींत नेतो व दुसरा तें टाकींतून पुनः इंजिनास पुरवितो. जर्मनीची पोर्शे ९११ ही या रचनेची प्रसिद्ध गाडी. १९६३ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली, आणि १९९८ पर्यंत तिचें सहा सिलिंडरांचें इंजिन पाण्यावांचून, हवेनें व तेलानेंच थंड होत असे. त्या व्यवस्थेंत ९ लिटर किंवा त्याहूनही अधिक तेल मावतें; लहान कौटुंबिक गाडीस तीन-चार लिटर पुरतें. तें पुरतें काढावयाचें तर टाकीचा व इंजिनाचा असे दोन्हीकडचे प्लग उघडावे लागतात.

खरी मेख आहे ती तेल मोजण्यांत. इतर बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करून, थोडा वेळ थांबून मोजपट्टी पाहतात. या जुन्या ९११ मध्यें मात्र गाडी सपाट जागेवर उभी असावी लागते, तेल पुरतें तापलेलें असावें लागतें, आणि इंजिन संथपणें चालू असतांनाच पट्टी पाहावी लागते. इंजिन बंद असल्यास टाकींतील तेल हळूहळू इंजिनांत झिरपतें व पट्टी कोरडी दिसते. ही गोष्ट ठाऊक नसलेला कारागीर तेल कमी आहे असें समजून आणखी दोन लिटर ओततो. मग जास्तीचें तेल हवेच्या मार्गांत शिरतें आणि गाडी धुराचे लोट सोडूं लागते. कारागीर आळशी होता असें नव्हे. त्याचा अनुभव दुसऱ्या गाड्यांचा होता, एवढेंच.

दुसरी अडचण तेलाच्या जातीची. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेल बाटलींत थिजतें व उन्हांत ठेवलें कीं पातळ होतें, हें प्रत्येक घरांत माहीत आहे. इंजिनाच्या तेलाला ही चंचलता परवडत नाहीं. डब्यावर ‘०डब्ल्यू-४०’ असें लिहिलेलें असतें, त्यांतील ‘डब्ल्यू’ हें अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी नांवाचें आद्याक्षर आहे. त्यापूर्वींचा आंकडा थंडींत तेल किती सहज वाहील तें सांगतो आणि नंतरचा आंकडा तापल्यावर त्याचा दाटपणा किती टिकेल तें सांगतो. परंतु या आंकड्यांवरून तेलाचा केवळ दाटपणा कळतो, सगळे गुण कळत नाहींत. म्हणून गाडी बनविणाऱ्या कंपन्या तेलांची स्वतंत्र परीक्षा घेऊन मंजुरी देतात. पोर्शेच्या पुष्कळ पेट्रोल इंजिनांसाठीं ‘ए४०’ ही मंजुरी आहे. दोन डब्यांवर ‘०डब्ल्यू-४०’ हाच आंकडा असून एकालाच ती मंजुरी असणें अगदीं शक्य आहे. तेव्हां ‘चाळीसचें तेल घातलें’ एवढ्या उत्तरावर समाधान मानूं नये.

आतां ठिकाणांचा विचार करूं गेल्यास मुख्यतः चार वाटा दिसतात. पहिली, कंपनीचें अधिकृत सेवाकेंद्र. तेथें योग्य भाग मिळतात, गाडीच्या संगणकांतील नोंद अद्ययावत् होते, आणि कंपनीनें एखादा दोष सुधारण्याची सूचना काढली असल्यास तीही समजते. मात्र खर्च अधिक येतो, आणि तेल बदलण्याचें काम सोपें समजून नवशिक्याकडे दिलें जाण्याचा संभव असतो. दुसरी वाट, झटपट तेल बदलून देणारीं दुकानें. अमेरिकेंत यांचा प्रसार मोठा आहे. साध्या गाड्यांना तीं सोयीचीं पडतात. पण तेथें सारा भर वेगावर असतो. स्पोर्ट्स कारचें पोट जमिनीला लागल्यासारखें असतें, खालीं हवा कापणाऱ्या तक्त्या बसविलेल्या असतात, आणि गाडी उचलण्याच्या जागा ठराविक असतात. घाईंत भलत्या जागीं आधार दिला तर तेल बदलण्यापूर्वींच नुकसान होऊन बसतें. तिसरी वाट, त्याच जातीच्या गाड्यांवर वर्षानुवर्षें काम केलेला स्वतंत्र कारागीर; आणि चौथी, मालकानें घरींच काम करणें.

कंपनीच्या दाराबाहेर तेल बदललें तर हमी रद्द होईल, ही भीति पुष्कळांना वाटते. अमेरिकेंत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यान्वयें कंपनी अमुकच ठिकाणीं सेवा घ्या अशी अट, ती सेवा फुकट दिल्याखेरीज, हमीला सहसा जोडूं शकत नाहीं. भारतांत भारतीय स्पर्धा आयोगानें ऑगस्ट २०१४ मध्यें १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांवर दंड ठोठावला, आणि बाहेर काम करून घेतलें एवढ्याच कारणानें सरसकट हमी रद्द करूं नये असेंही बजावलें. त्यावर अपीलें झालीं. तथापि वाद उपस्थित झाल्यास पुरावा मालकालाच दाखवावा लागतो. म्हणून हमीचा काळ चालू असेपर्यंत अधिकृत केंद्र बरें. आणि कोठेंही काम केलें तरी तेलाची मंजुरी, तारीख व किलोमीटर लिहिलेली पावती जपून ठेवावी.

हमी संपल्यावर मात्र निवडीची कसोटी बदलते. तेव्हां विचारावयाचा प्रश्न असा कीं, हा कारागीर काढलेल्या तेलाचें काय करतो ? जुनें तेल हा इंजिनाच्या प्रकृतीचा दाखला आहे. वैद्य नाडी पाहतो तसा जाणता कारागीर फिल्टरची घडी उलगडून पाहतो. त्यांत चकाकणारे कण असल्यास ते लोहचुंबकाला चिकटतात कीं नाहीं हें तपासतो. चिकटल्यास झीज पोलादी भागाची, न चिकटल्यास बहुधा अल्युमिनियमसारख्या दुसऱ्या धातूची. ही तपासणी किती मोलाची आहे तें ९११ च्याच पुढील इतिहासावरून दिसतें. १९९७ सालीं पुढें आलेल्या, पाण्यानें थंड होणाऱ्या पिढीच्या पुष्कळ इंजिनांत मधल्या दांड्याच्या बेअरिंगचा दोष आढळला. बेअरिंग फुटलें म्हणजे सारें इंजिनच वाया जाण्याची पाळी येई. २००१ ते २००५ या काळांतील कांहीं ९११ व बॉक्स्टर गाड्यांबद्दल अमेरिकेंत दावा होऊन २०१३ सालीं तडजोड झाली. अशा बेअरिंगची पूर्वसूचना कित्येकदां फिल्टरमधील कणांच्या रूपानें मिळते. पण ती कोणी पाहिली तरच. जुना फिल्टर न उघडतां कचऱ्यांत टाकणाऱ्यानें तेल बदललें खरें, पण पत्र न वाचतांच फाडून टाकलें.

घरीं काम करणारा मालक सर्वांत काळजीपूर्वक काम करतो, हें नाकारतां येत नाहीं. परंतु गाडी सुरक्षितपणें उचलण्याची सोय आणि ठराविक जोरानेंच प्लग आंवळणारा पाना त्याच्याजवळ हवा. शिवाय भारतांत २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत मोडतें. तें गटारांत ओततां येत नाहीं, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेलें पाहिजे. मुंबई-पुण्याच्या इमारतींतील वाहनतळावर या साऱ्या गोष्टी जमणें अवघडच.

म्हणून गाडी सोंपविण्यापूर्वीं कारागिराला चार प्रश्न शांतपणें विचारावेत. कोणत्या मंजुरीचें तेल घालणार, आणि त्याचा बंद डबा दाखविणार काय ? किती लिटर घालणार, आणि तें कसें मोजणार ? प्लगचें वॉशर नवें घालणार काय ? जुना फिल्टर उघडून दाखविणार काय ? ज्याला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्या दारांतून गाडी परत न्यावी. जो स्वतः होऊन गाडीचें साल व इंजिनाचा प्रकार विचारतो, त्याचें दुकान लहान असलें, गल्लींत असलें, तरी तेथें गाडी निःशंकपणें द्यावी.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. स्पोर्ट्स कार पुष्कळदां रविवारींच बाहेर पडते, आणि पावसाळ्यांत तर महिनोन् महिने झांकून ठेवलेली असते. किलोमीटर थोडे झाले म्हणून तेल ताजें राहतें असें नाहीं. लहान फेऱ्यांत इंजिन पुरतें तापत नाहीं. त्यामुळें पाण्याचा अंश व न जळलेलें पेट्रोल तेलांत सांचत जातें. म्हणून गाडी कमी चालली तरी वर्षांतून एकदां तेल बदलावें, आणि शक्यतों त्याच एका कारागिराकडून. गेल्या वर्षींचा फिल्टर ज्यानें पाहिला असेल, त्यालाच यंदाच्या फिल्टरमधील फरक ओळखूं येईल.