लिफ्ट नसलेला डोंगर

डेन्व्हरच्या स्कीवाल्यांचा शनिवार आय-७० महामार्गावर ठरतो. पहाटे लवकर निघालं तर आयझेनहॉवर बोगद्यापलीकडच्या रिसॉर्टमध्ये पहिली लिफ्ट मिळते; तासभर उशीर झाला की पुढच्या गाडीची नंबरप्लेट पाठ होते. वर पोचलं की मात्र सगळं सुखाचं. लिफ्ट काही मिनिटांत माथ्यावर नेते. बर्फ रात्रीच यंत्रांनी दाबून सपाट केलेला असतो. कुठला उतार सोपा आणि कुठला अवघड, हे हिरव्या, निळ्या, काळ्या पाट्या सांगतात. आपण रस्त्यात अडकलेलो असताना गस्तीच्या लोकांनी धोक्याच्या उतारांवर स्फोटकं टाकून तिथला अस्थिर बर्फ मुद्दाम पाडलेला असतो. तिकिटाचे पैसे खरं तर या कामाचे. पण ते कधी डोळ्यांसमोर येत नाही.

बर्थड पासला ते येतं. ११,३०७ फुटांवरच्या या खिंडीत १९३७पासून २००१पर्यंत स्कीचं केंद्र होतं. आता लिफ्टचे खांबही नाहीत. खिंडीत गाडी लावायची, स्कीच्या तळाला स्किन चिकटवायची आणि स्वतःच्या पायांनी वर जायचं. पूर्वी ही स्किन खरोखर सीलच्या कातड्याची असे. आता मोहेअर किंवा नायलॉनची असते. केसांचा कल मागे असल्यानं स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. बायंडिंगमध्ये टाच मोकळी राहते, बुटाची फक्त चवड अडकते.

आमच्या छोट्या गटात माझा पुण्याचा मित्र होता. राजगड-तोरणा अनेकदा केलेला, दमसास भरपूर. तरी पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त घाम त्यालाच आला, कारण तो सह्याद्रीत टाकतो तसं प्रत्येक पाऊल उचलून टाकत होता. इथे पाय उचलायचा नाही, जमिनीलगत पुढे सरकवायचा. त्याची दुसरी सवय अधिक महागात पडली असती. आपल्याकडे कड्यातून वर जायला नाळ, म्हणजे डोंगरातली घळ, सोयीची. हिवाळ्यातल्या या डोंगरांत मात्र नाळेपासून लांब राहायचं: वरून सुटलेला बर्फ तिथेच येऊन साचतो आणि थोडासा बर्फ सुटला तरी माणूस खोल गाडला जातो. आम्ही झाडीच्या सोंडेवरून चढलो.

याच कोलोरॅडो राज्यातल्या कॅम्प हेलला दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनचे सैनिक असंच चढायला शिकले. त्यांच्यातल्या पीट सायबर्टनं परत येऊन १९६२मध्ये व्हेल हे रिसॉर्ट सुरू केलं. चढायचं शिक्षण घेतलेल्यांनीच चढाची गरज संपवली, याची मला गंमत वाटते.

निघण्यापूर्वी आमच्या गटाच्या प्रशिक्षक बाईंनी प्रत्येकाचा बीकन तपासला होता. छातीशी बांधायचं हे यंत्र ४५७ किलोहर्ट्झवर सतत संकेत पाठवतं. कोणी हिमस्खलनात गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपली यंत्रं शोधावर लावायची, प्रोब म्हणजे लांब सळई खुपसून नेमकी जागा गाठायची आणि फावड्यानं उकरायचं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर जगण्याची आशा झपाट्यानं कमी होते. म्हणजे हेलिकॉप्टर येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. वाचवणारे असलेच तर सोबतचेच.

रोज कोलोरॅडोच्या हिमस्खलन माहिती केंद्राचा अंदाज येतो, धोक्याचे आकडे एक ते पाच. त्या दिवशी तीन होता. मला हा सगळ्यात फसवा वाटतो: चार बघून लोक घरी थांबतात, तीनवर मन वाटाघाटी करू लागतं.

वर एका सुरक्षित जागी बाईंनी फावड्यानं जमिनीपर्यंत खड्डा खणला आणि त्याची भिंत गुळगुळीत केली. मग आम्हाला बोटं फिरवायला सांगितली. वरचा बर्फ घट्ट लागला. तळाशी मात्र बोट सहज आत गेलं आणि जाड साखरेसारखे दाणे ओघळले. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. खाली जमीन शून्याच्या आसपास, वर रात्रीची कडाक्याची थंडी. या फरकामुळे बर्फातली वाफ वर सरकते आणि कणांचे टोकदार, एकमेकांना न धरणारे स्फटिक होतात. त्यावर पुढचा बर्फ साचत जातो. पाया कच्चाच राहतो, कधी कित्येक आठवडे. कोलोरॅडोच्या कोरड्या, थंड डोंगरांचं हे जुनं दुखणं आहे.

मग त्यांनी ९० सेंटिमीटर रुंद, भिंतीपासून आत ३० सेंटिमीटर असा बर्फाचा ठोकळा करवतीनं सुटा केला, एका टोकावर फावडं ठेवलं आणि त्यावर थापा देऊ लागल्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून, असा क्रम. खांद्यापर्यंत वेळच आली नाही. कोपराच्या थापांतच तळाच्या थरात भेग पडली आणि क्षणात या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. महत्त्वाचं ते धावणंच. भेग थापेखालीच थांबली असती तर गोष्ट वेगळी होती.

समोरचा मोकळा, गुबगुबीत उतार मित्राच्या मनात भरला होता. बाईंनी उतारमापक लावला: ३५ अंश. बहुतेक स्खलनं ३० ते ४५ अंशांतच होतात. त्यांनी बघायला सांगितलं ते फक्त पायाखालचं नाही, डोक्यावरचंही. कारण सौम्य उतारावरून चालतानाही वरचा तीव्र उतार सुटू शकतो.

“एवढं चढून तिथे जायचं नाही?” त्यानं मला मराठीत विचारलं. बाईंना भाषा कळली नाही, प्रश्न कळला. त्यांनी स्किन काढल्या, दुमडून जाकिटात टाकल्या आणि टाच बायंडिंगमध्ये दाबली. पंचवीस अंशांच्या झाडीतून आम्ही एकेक करून उतरलो. रिसॉर्टमध्ये काळ्या पाटीचे उतार ऐटीत उतरणारा मी इथे दर तिसऱ्या वळणावर अडखळत होतो. वाऱ्यानं वर पातळ पापुद्रा धरला होता; तो कधी वजन पेलायचा, कधी फुटून स्की गिळायचा. दोन तासांच्या चढाचा उतार काही मिनिटांत संपला.

तो ३५ अंशांचा उतार कायमचा वर्ज्य नाही. वसंतात दिवसा वितळून रात्री गोठत बर्फाचे थर हळूहळू एकजीव होतात. तेव्हा लोक डोक्याला दिवा लावून अंधारात चढतात आणि ऊन बर्फ फार मऊ करण्याआधी खाली येतात. मित्राचं लक्ष आता मे महिन्याकडे आहे. बाईंनी त्याला तोवर दर आठवड्याला बागेत बीकन पुरून शोधण्याचा सराव सांगितला आहे, घड्याळ लावून.