कावळा शिवण्याआधी

शाळेत पहिल्यांदा पाळी येऊन घाबरलेल्या मुलीला एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘आईनं काही सांगितलं नव्हतं का?’ बहुतेक वेळा सांगितलेले नसते. आया म्हणतात, ‘वेळ आली की सांगू.’ ही वेळ नेमकी कोणती, हे आपण आधी पाहू या.

शरीर पूर्वसूचना देते

साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी बीजकोशांना संदेश देऊ लागते. बीजकोशांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होते आणि स्तनांची वाढ सुरू होते. त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते; बहुतेक मुलींना १० ते १५ या वयात. म्हणजे आईच्या हाती दोन वर्षे असतात. पाळीच्या काही महिने आधी अंगावरून थोडे पांढरे जाऊ लागते. हा आजार नव्हे. मात्र त्याला घाण वास असेल किंवा खाज येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

रक्त येते कोठून?

दर महिन्याला एक बीज पक्व होते. गर्भ राहिलाच तर त्याच्यासाठी गर्भाशयाचे अस्तर जाड होते. गर्भ राहिला नाही की ते सुटून रक्ताबरोबर बाहेर पडते. हे रक्त ‘खराब’ नसते. एका पाळीत ते साधारण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या छोट्या कपाच्या निम्म्याहून कमी जाते. पहिली दोन वर्षे पाळी अनियमित असू शकते. रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला, तासा-दोन तासांत पॅड भिजू लागले, किंवा १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शब्दच नाहीत!

‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’, ‘अडचण आहे’ – आपल्या या शब्दांत शरीर कोठेच येत नाही. शरीराच्या ज्या भागाला घरात नावच नाही, तेथे कोणी वाईट हेतूने हात लावला तर मुलीने सांगायचे कसे? म्हणून योनी, गर्भाशय, स्तन हे शब्द हात-पाय म्हणावे तितक्या सहजपणे आईने उच्चारावेत. सुरुवातीला जीभ अडखळेल. तेही लेकीला सांगावे : ‘मला माझ्या आईनं हे सांगितलं नव्हतं, म्हणून जरा अवघड जातंय.’ एवढ्यानेही मुलगी मोकळी होते.

लोणच्याला शिवू नको, असे आजही अनेक घरांत म्हटले जाते. यावर वाद घालण्यापेक्षा मायलेकींनी प्रयोग करावा. दोन लहान बरण्यांत एकच लोणचे भरावे. पाळीच्या दिवसांत एकीतले कोरड्या, स्वच्छ चमच्याने काढावे; दुसरीला कोणी हात लावू नये. दोन्ही बरण्यांकडे महिनाभर लक्ष ठेवावे. लोणचे नासते ते ओलाव्यामुळे वाढणाऱ्या बुरशीने.

अवघड प्रश्न

‘बाळ पोटात जातं कसं?’ याला ‘मोठी झालीस की कळेल’ हे उत्तर नव्हे. ‘स्त्री-पुरुषांच्या शरीरसंबंधात पुरुषाचे शुक्रजंतू योनीतून आत जातात. त्यातला एक बिजाशी मिळाला की गर्भ तयार होतो,’ एवढे दहा-अकराव्या वर्षी पुरते. पुढे विचारले तर पुढचे सांगावे. पहिली पाळी येण्याआधीही बीज सुटू शकते, म्हणून ‘अजून तर पाळीही आली नाही’ ही समजूत धोक्याची आहे, हे आईला ठाऊक हवे.

सांगितल्याने मुली बिघडतील, ही भीती आम्हांला नेहमी ऐकू येते. युनेस्कोने २०१८ साली लैंगिकता शिक्षणाच्या मार्गदर्शिकेत जगभरातील अभ्यासांचा आढावा घेतला. अशा शिक्षणाने लैंगिक संबंध लवकर सुरू होत नाहीत, असे त्यात दिसते. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू करून या विषयावर उघडपणे लिहिले होते. जे तेव्हा छापले गेले, ते आज घरात बोलता यायला हवे.

शिक्षिकांना करता येईल असे

पाचवीच्या माता-पालक सभेत एक तास यासाठी ठेवावा. आधी आयांकडून नावाशिवाय चिठ्ठ्यांवर प्रश्न घ्यावेत. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांना एकेकटे विचारावे. फळ्यावर गर्भाशय व बीजकोशांची आकृती काढून त्या चिठ्ठ्यांची उत्तरे द्यावीत. नंतर प्रत्येक आईने घरी लेकीला तीच आकृती काढून दाखवावी आणि लेकीचा एक प्रश्न पुढच्या सभेला आणावा. ज्या मुलीला आई नाही, तिच्यासाठी आजी, मावशी किंवा शिक्षिकेने ही जागा घ्यावी. मुलग्यांनाही हे सारे कळायला हवे; वर्गात डाग पाहून कोणी हसणार नाही, याची तयारी तेथूनच होते.

आईशी पाळीबद्दल बोलता आले, तर पुढे त्याहून अवघड गोष्ट घडली तरी मुलगी आधी आईकडेच येईल. आम्हांला ते जीवशास्त्राच्या धड्याइतकेच महत्त्वाचे वाटते.