मुरमुर म्हणजे आईची आई

चिंचवडला टूलरूममध्ये होतो तेव्हा एसकेएफचं बेअरिंग हाताखालून गेलं नाही असा आठवडा नसे. त्या तीन अक्षरांचं पूर्ण नाव मात्र वाचलं निवृत्तीनंतर : स्वेन्स्का कूललागेरफाब्रीकेन. 'कूललागेर' म्हणजे बॉल बेअरिंग, 'फाब्रीक' म्हणजे कारखाना आणि शेवटचा 'एन' म्हणजे इंग्रजीतला 'द'. स्वीडिशमध्ये हा 'द' शब्दाच्या शेपटाला चिकटतो. घर 'हूस', ते ठरावीक घर 'हूसेट'. घराला, घरात, घरून करत वाढलेल्या माणसाला यात अवघड ते काय?

लेक गोथेनबर्गला, नात तिथल्या बालवाडीत. म्हणून हा स्वीडिश शिकण्याचा उद्योग. पुण्यात जर्मन-जपानीचे क्लास पैशाला पासरी. स्वीडिशचा काही मला सापडला नाही. मग मोबाइलवर ड्युओलिंगो घेतलं. तिथे 'मुस्तेर'पुढे 'आंट', 'फास्तेर'पुढेही 'आंट'! दोन दिवस डोकं खाजवलं. मग उलगडलं, की मुस्तेर ही मावशी आणि फास्तेर ही आत्या. मामा मुरब्रूर, काका फारब्रूर. 'मुर' आई, 'फार' बाप, म्हणून आईची आई मुरमुर. (बायकोला हे सांगितल्यापासून चिवडा करताना ती स्वतःशीच हसते.) आपली अख्खी नाती तिथे जशीच्या तशी होती, इंग्रजीच्या चाळणीतून गळून गेली होती. त्या दिवसापासून वहीत अर्थ फक्त मराठीत.

ड्युओलिंगोवर सवय लागते, व्याकरण फारसं कळत नाही. त्यासाठी स्वीडिश इन्स्टिट्यूटचा 'लर्निंग स्वीडिश' हा ऑनलाइन कोर्स बरा, आणि फुकट. क्रियापदं तर आळशांसाठीच केलेली : मी बोलतो, ती बोलते, आम्ही बोलतो, सगळ्याला एकच 'तालार'. शब्द अडला तर स्वीडिश अकादमीचे तिन्ही कोश एकाच संकेतस्थळावर मोफत आहेत. पण ते स्वीडिशमधूनच, तेव्हा घाई नको. वाचायला 'ओत्ता सीदुर', म्हणजे 'आठ पानं'. सोप्या भाषेतल्या बातम्यांचं हे वर्तमानपत्र 1984 पासून निघतं. मी सकाळी चहाबरोबर एकच बातमी घेतो.

स्वीडनमध्ये साहेबालाही 'दू', म्हणजे सरळ अरे-तुरे. 1967 मध्ये आरोग्य खात्याचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी हाताखालच्या सगळ्यांना 'दू'च म्हणणार असं जाहीर केलं आणि आधीच सुरू झालेली ही चाल देशभर रुळली. मला हे अजून जड जातं.

पण खरा छळ सात या आकड्याचा. लिहायचं एस-जे-यू. म्हणायचं मात्र ओठ गोल करून, गरम चहावर फुंकर मारता मारता 'हू' म्हटल्यासारखं, आत थोडी 'ख'ची खरखर. देवनागरीत ते बसत नाही. पुस्तकाने येत नाही, कानानेच येतं. म्हणून स्वीडिश रेडिओवरच्या सोप्या बातम्या लावून ठेवतो.

रविवारी व्हिडिओ कॉलवर नातीने दहापर्यंत आकडे म्हणायला लावले. सहापर्यंत गाडी बरी धावली. सातला मी फुंकर मारली. तिने दोन क्षण पाहिलं आणि आईला हाक मारली, "आई, मुरफारला खोकला झालाय."