मोटारीतील उष्णतेचा काटा काय सांगतो?

आपल्या खासबागेत आता पुष्कळ घरांपुढे मोटार उभी दिसते. चालविणाऱ्याची नजर वेगाच्या व पेट्रोलच्या काट्यावर असते. शेजारचा उष्णतेचा काटा मात्र बहुधा दुर्लक्षितच राहतो. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहितो.

हा काटा बाहेरच्या हवेचे नव्हे, तर इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याचे व कूलंटचे तापमान दाखवितो. त्यांच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची झडप असते. पाणी थंड असताना ती बंद राहते व त्यास रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ते सुमारे ८० ते ९० अंश सेंटिग्रेड तापले म्हणजे ती उघडू लागते. म्हणूनच थंडी असो वा ऊन, निरोगी इंजिनाचा काटा एकदा मध्याजवळ आला की तेथेच स्थिरावतो.

मग ऋतूचा फरक कोठे पडतो? पौषातील पहाटे काटा चढण्यास अधिक वेळ लागतो. तोवर गाडी सावकाश चालवावी. मात्र पुष्कळ अंतर जाऊनही तो खालीच राहिला, तर झडप उघडी अडकली असण्याचा संभव असतो व पेट्रोल विनाकारण जळते. पावसाळ्यात चिखलाने रेडिएटरची जाळी बुजली तर काटा वर जाऊ लागतो. खरी कसोटी वैशाखात, भरल्या गाडीने तवंदीच्या घाटात लागते. तेथे इंजिनास श्रम अधिक व वारा कमी. काटा किंचित सरकून पुढे परत आला तर चिंता नको. तांबड्या खुणेकडे चालला तर एसी बंद करून, सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे.

येथे एक धोका ध्यानात ठेवावा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फूट उंच असल्याने उघड्या भांड्यातील पाणी येथे १०० अंशांपूर्वीच, सुमारे ९७ अंशांवर उकळते. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरप्रमाणे दाब धरते, म्हणून आतील पाणी शंभराच्या वर जाऊनही शांत राहते. झाकण काढताच ते उसळते. काही वर्षांपूर्वी माझ्या एका शेजाऱ्यांनी घाटात घाईने झाकण फिरविले व त्यांचा उजवा हात भाजला. इंजिन पुरते निवेपर्यंत थांबले असते तर ते टळले असते.

दुसरा धोका फसवा आहे. पाणी सारे गळून गेले तर काट्याच्या सेन्सरला पाण्याचा स्पर्श राहत नाही व काटा खालीही उतरू शकतो. चढलेला काटा एकाएकी उतरला तर गाडी बरी झाली असे समजू नये; ताबडतोब थांबावे.

कित्येक नव्या गाड्यांत काट्याऐवजी दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अद्याप थंड. तांबडा म्हणजे थांबा.

वर्गातील मूल रोज कसे असते हे ठाऊक असले, म्हणजे ते आजारी पडल्याचे शिक्षकास चटकन उमगते. वाचकहो, तसाच आपल्या गाडीचा काटा रोज कोठे थांबतो हे पाहून ठेवा. मग तो हलल्याबरोबर आपल्या लक्षात येईल.